औषध आहे, पण आसरा?

1989 च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला, तेव्हा सरकारने त्यास म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवले. त्या काळी भरवशाचे औषध नव्हते, आणि भीती मात्र अमाप होती. त्या खोलीस निवारा म्हणता येणार नाही. ती शिक्षाच होती.

आज परिस्थिती पालटली आहे. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळू लागले. ते नियमित घेणारा मनुष्य दीर्घकाळ जगतो, आणि रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे घटला म्हणजे संभोगातूनही तो दुसऱ्यास होत नाही. मग एड्सग्रस्तांच्या आश्रमांची गरजच काय, असे पुष्कळ जण विचारतात. हा विचार सरकारलाही सुचला असावा. पूर्वी सरकारी योजनेत खाटांची काळजी-केंद्रे होती. 2013 पासून त्यांची जागा 'विहान' योजनेच्या केंद्रांनी घेतली. तेथे सल्ला मिळतो, पाठपुरावा होतो. राहावयास जागा मिळत नाही.

तथापि हे औषध रियाजासारखे आहे. ते रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यावे लागते. वारंवार खंड पडला तर विषाणू त्या औषधास दाद देईनासा होतो. ज्यास छप्पर नाही, दोन वेळचे अन्न नाही, आणि गोळ्यांची बाटली लोकांपासून लपवावी लागते, त्याने हा नेम कसा सांभाळावा? मोफत औषधाचा उपयोग व्हावयाचा, तर आधी गरिबास स्थिर घर हवे.

महाराष्ट्रात काहींनी हे ओळखले. पंढरपुरास मंगलताई शहा यांनी 2001 साली 'पालवी' सुरू केली. लातूर जिल्ह्यात हासेगावी रवी बापटले यांनी 2007 साली 'सेवालय' उभारले. गावाचा विरोध सोसून तेथील मुले वाढली, आणि त्यांच्या 'हॅपी म्युझिक शो'ने गावोगावी गाऊन संस्थेसाठी निधीही जमविला. संगीत शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास ही वार्ता विशेष वाटते. ज्या मुलांच्या शेजारी बसावयास लोक कचरत, त्यांचे गाणे ऐकावयास लोक बसले.

परंतु खरी अडचण पुढे आहे. ही मुले मरतील असे समजून जग मोकळे झाले होते. ती मेली नाहीत, मोठी झाली. कायद्याने बालगृहाचे दार अठराव्या वर्षी मिटते. पुढची मदत साधारण 21 व्या वर्षापर्यंत. त्यानंतर कोठे जावे? हासेगावास याच वयातील मुलांसाठी 'हॅपी इंडियन व्हिलेज' ही वसाहत निर्माण करावी लागली. एकेका गावाने असे किती भार उचलावेत?

10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात आलेला एच.आय.व्ही. कायदा या आजारामुळे कोणास घर भाड्याने नाकारण्यास मनाई करतो. कागदावर हे उत्तम आहे. परंतु नकार देणारा घरमालक कारण कधीच सांगत नाही. 'जागा नुकतीच दिली' एवढे म्हणून तो दार लावतो.

येथे आपल्या जुन्या घराण्यांचा संबंध येतो. आपले पूर्वज या शहरात परके म्हणून आले आणि दरबारच्या आश्रयाने स्थिरावले. माझे वडील तर दरबारी गवई म्हणूनच येथे राहिले. पुढे याच वाड्यांत वार लावून जेवणारे विद्यार्थी वाढले. आज त्या वाड्यांच्या कित्येक खोल्यांना कुलपे आहेत. एखादा तरुण नोकरीचा दाखला घेऊन खोली मागावयास आला, तर त्याच्या रक्ताची चौकशी करण्याचे आपणांस कारण नाही. आणि त्याने आपण होऊन सांगितलेच, तर त्याच भाड्यात किल्ली त्याच्या हाती द्यावी. आश्रम बांधण्यास देणग्या लागतात. यास केवळ मनाची तयारी लागेल.