दुष्काळाचा इतिहास कोण शिकवणार?

शाळा उघडल्या आणि पहिला पाऊस पडला की गावोगाव वृक्षारोपणाचे सोहळे होतात. मुले रोपे लावतात, घोषणा देतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्यांत वाळलेल्या काटक्या उरतात. पर्यावरणाचा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले. महाराष्ट्रात माध्यमिक वर्गांसाठी ‘जलसुरक्षा’ या विषयाचे पाठ्यपुस्तकही निघाले. हेतू चांगलाच आहे. परंतु या साऱ्या शिक्षणातून एक गोष्ट निसटली आहे. ज्या जमिनीवर शाळा उभी आहे, त्या जमिनीचा इतिहास मुलांपुढे येत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्याचेच उदाहरण घ्यावे. उत्तरेस सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी जमीन. डोंगराच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळू यांचा जाड थर आहे. भूशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. डोंगरावरचे पाणी या थरातून भूगर्भात मुरते. आणखी खाली उतरले की खारपाणपट्टा लागतो. तेथे विहिरीस पाणी लागते, पण ते पिकाला मानवत नाही आणि माणसाच्या पोटालाही सोसत नाही. एकाच तालुक्यात वर गोड्या पाण्यावर संत्र्याच्या बागा फुलतात, तर खालच्या गावांना पिण्याचे पाणी वान धरणावरून नळाने आणावे लागते. ही विषमता विद्यार्थ्यास रोज दिसते; तिचा अर्थ मात्र त्याला कोणी उलगडून सांगत नाही.

तो अर्थ इतिहासात आहे. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले. रेल्वे आली, खामगावची बाजारपेठ गजबजली, ज्वारीची राने कापसाखाली गेली. पूर्वी सुकाळाचे धान्य पेवात साठवून अवर्षणाचे वर्ष निभावले जाई. आता धान्य विकत आणायचे आणि सारा रोख भरायचा, अशी रीत पडली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी पाऊस फसला तेव्हा आगगाडी होती, बाजार होता. मजुराच्या गाठीला मात्र पैसा नव्हता. अवर्षण निसर्ग आणतो, त्याचा दुष्काळ समाजव्यवस्था करते. पर्यावरणाच्या शिक्षणाचा पहिला धडा हाच असावयास हवा.

उपाय कोणाला सुचले नव्हते असेही नाही. पावसाचे पाणी शिवारातच मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावेत, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सांगून ठेवले होते. सत्तेने ते ऐकले नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर राबत होते. त्यांच्या घामातून आणि लढ्यांतून कामाच्या हक्काची मागणी बळावली, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच दुष्काळाने गावोगाव विंधणविहिरींची यंत्रेही आणली. एकाच संकटाचे असे दोन वारसे आहेत. एक सार्वजनिक हक्काचा, दुसरा खासगी उपशाचा. शेतीसाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई करणारा कायदा महाराष्ट्राने २००९ साली संमत केला. तो किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून सोनाळ्याच्या वर्गात हे सारे हिशेबासह यावे. मुलांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर गावच्या विहिरींची पातळी दोर टाकून मोजावी. तलाठ्याच्या दप्तरातील पीकपाहणीवरून कापूस, ज्वारी आणि संत्री यांखालील क्षेत्र कसे बदलत गेले ते मांडावे. बहात्तरच्या कामांवर खडी फोडलेल्या वृद्ध स्त्रियांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. गावात कोणता पाणवठा कोणाला मोकळा होता आणि कोणाला बंद, हेही विचारावे. महाडच्या तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह हा पाण्याच्याच इतिहासाचा भाग आहे. जंगलाचा अभ्यास करताना कोरकूंसारख्या रानात पिढ्या काढलेल्या आदिवासींनाही गुरू मानावे.

यावर आक्षेप येईल की असे प्रश्न शाळेत नेले तर गावात भांडणे लागतील. बोअरवाल्याचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एकाच बाकावर बसतात. नेमके म्हणूनच ते शाळेत जावयास हवेत. संत्र्याची बाग लावणारा शेतकरी खलनायक नव्हे. कापसाला भाव मिळाला नाही, कर्ज फिटले नाही, म्हणून तो बागेकडे वळला आणि बाग जगविण्यासाठी खोल गेला. हे त्याच्या मुलाला आकड्यांनिशी कळले तर दोष व्यक्तीवर न जाता व्यवस्थेवर जाईल, आणि पाणी वाटून घेण्याची गोष्ट बोलता येईल. हिवरे बाजारात ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविते. पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी उभारलेल्या पाणी पंचायतीने जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर पाणी वाटले आणि भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानला. हे महाराष्ट्रातच घडले आहे.

पर्यावरणरक्षण म्हणजे झाडांवरची दया नव्हे. पाण्याच्या न्याय्य वाटणीची ती शिस्त आहे. ही शिस्त परिपत्रकाने येत नाही. कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसावे, शिक्षकांच्या पाठीशी उभे राहावे, मुलांनी केलेला पाण्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा. विहिरीत दोर सोडणाऱ्या मुलीने उद्या सभेत उठून ‘हे पाणी कोणाचे?’ असे विचारले, तर तिला उत्तर देण्याची तयारी मोठ्यांनी आजपासूनच करावी.