मेंढ्याचा बांबू आणि आमचे ठरावबुक

आमच्या खेड्यांत ग्रामसभा कशी भरते हे आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस आम्ही नव्याने सांगावे असे नाही. दवंडी पिटली तर पिटली. चावडीवर पाचपंचवीस असामी जमतात, ठराव आधीच लिहून तयार असतो, आणि मागाहून शिपाई घरोघर वही फिरवून सह्या-अंगठे गोळा करतो. आत काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्यास कोणी वाचून दाखवीत नाही, व तोही विचारीत नाही. कुलकर्ण्याचे दप्तर गेले, पण वहीची सत्ता गेली नाही!

अशा बांधवांनी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नांवाचे गोंड लोकांचे लहानसे गाव आहे, तिकडे एकवार नजर टाकावी. दिल्ली-मुंबईत आपले सरकार असले तरी आपल्या गावात आपणच सरकार, हा त्या लोकांचा बाणा. तेथे बहुमताने ठराव होत नाही. सर्वांचे एकमत होईपर्यंत सभा बसते, आज न झाले तर पुन्हा बसते. बायका सभेत बोलतात, आणि गावातली दारू आटोक्यात आली ती त्यांच्याच जोरावर. कायदा समजून घेण्यासाठी गावकऱ्यांनी अभ्यासगट चालविले. आमच्या मते साऱ्या गोष्टीचे मूळ येथेच आहे. श्री. देवाजी तोफा यांच्यासारखे गावचेच लोक पुढे, व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे स्नेही सल्ल्यापुरते. निर्णय मात्र गावाचा.

या अभ्यासाचा उपयोग काय झाला तो पहा. सन 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले व त्यावर गावाची मालकी मानली. सन 2009 मध्ये मेंढ्यास सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु जंगल खाते म्हणे, बांबू हे लाकूड आहे, वाहतुकीचा परवाना मिळणार नाही! म्हणजे झाड गावाचे, पण ते वेशीबाहेर नेले की चोरी. हा कोठला न्याय? मेंढ्याच्या लोकांनी कायद्याचे कलम दाखविले व ते हटले नाहीत. अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्राचे मंत्री श्री. जयराम रमेश स्वतः गावी आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. पुढे बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला, आणि जिल्ह्यातील इतर अनेक गावांनी तीच वाट धरली.

हे डोंगरातल्या लोकांचे प्रकरण, आम्हांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. ओरिसातील नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सन 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेथील ग्रामसभांना विचारा म्हटले. बारा गावांत सभा भरल्या, डोंगरिया कोंध व इतर रहिवाशांनी बाराही ठिकाणी नकार दिला, आणि पुढील वर्षी सरकारने परवानगी नाकारली. बड्या कंपनीचे बळ बारा खेड्यांपुढे चालले नाही.

आदिवासी भागास सन 1996 च्या पेसा कायद्याचे विशेष बळ आहे, आमच्या गावांस ते नाही, हे खरे. तथापि वर्षातून चार ग्रामसभा आमच्याही हक्काच्या आहेत. गायरान कोणास दिले, पाझर तलावाचा गाळ कोणी उचलला, बुरूड-कुंभारास बांबू व माती कोठून मिळणार, हे तेथेच विचारता येते. आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी आपल्या गावचे ठरावबुक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे? ज्यांनी मागितले व ज्यांस ते नाकारले गेले, त्यांनी गाव व तारीख घालून आम्हांस लिहावे. आम्ही ती पत्रे छापू.