फाइल बिघडली नाही!

जळगावच्या केळीच्या बागेचं पीएनजी प्रकारातलं चित्र नोटपॅडमध्ये उघडलंत तर काय दिसेल? ना पान, ना घड! नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि वेडीवाकडी अक्षरं. ‘गेली फाइल!’ असं वाटेल. पण थांबा.

धुळ्याला १९२७ साली स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ आहे. तिथे मोडी लिपीतले जुने कागद जपून ठेवलेत. मोडी न येणाऱ्याला ती नुसती वेटोळी वाटतात. कागद बिघडलेला नसतो, आपल्याला वाचता येत नसतं. फाइलचंही तसंच!

कुठलीही फाइल म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची रांग. चित्र दाखवणारा प्रोग्रॅम त्या आकड्यांतून रंग काढतो. नोटपॅडला मात्र अक्षरंच ठाऊक. ते आकड्यांना अक्षरं समजून बसतं. पीएनजी चित्राचे पहिले चार आकडे ठरलेले: १३७, ८०, ७८, ७१. इंग्रजी अक्षरांच्या संकेतात ८० म्हणजे पी, ७८ म्हणजे एन, ७१ म्हणजे जी. म्हणून त्या गर्दीत सुरुवातीलाच ‘पीएनजी’ लिहिलेलं सापडतं!

करून पाहायचंय? मग आधी चित्राची प्रत काढा आणि प्रतच उघडा. ‘सेव्ह’ मात्र करू नका हं! ज्या आकड्यांची अक्षरं होत नाहीत, ते सेव्ह करताना बदलू शकतात. मग चित्र खरोखरच बिघडतं.

आता सांगा पाहू, ‘जी’ ७१, तर जळगावच्या ‘जे’चा आणि धुळ्याच्या ‘डी’चा आकडा कोणता?

(उत्तर : ७४ आणि ६८)