कंत्राटदार बदलतो तेव्हा

कंपनी व्यवहार मंत्रालयाचा ‘एमसीए-२१’ हा संगणकीय प्रकल्प २००६ साली टाटा कन्सल्टन्सीच्या हाती सुरू झाला, २०१३ मध्ये इन्फोसिसकडे गेला आणि त्याची तिसरी आवृत्ती एल अँड टी इन्फोटेकच्या वाट्याला आली. मुदत संपताच काम पुन्हा स्पर्धेत उतरवावे, कोणा कंत्राटदाराला सरकारचा जावई करू नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. तरीही दोन्ही स्थित्यंतरांत कंपनी सचिव आणि सनदी लेखापाल संगणकापुढे ताटकळले. जानेवारी २०२३ मध्ये नवे अर्ज आले, तेव्हा तर मंत्रालयाला मुदतवाढ द्यावी लागली.

निवड कशी करावी, यावर राजधानीत पुष्कळ खल होतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने सल्लागारीव्यतिरिक्तच्या सेवांतही गुणवत्तेला कमाल ३० टक्के भारांक देण्याची मुभा दिली. पण जाणारा कंत्राटदार काय सोपवून जातो, हा प्रश्न निविदेच्या शेवटच्या परिशिष्टात पडून राहतो. प्रणालीतील खाचाखोचा कागदावर नसतात. त्या जाणत्या अभियंत्यांच्या डोक्यात असतात, आणि कंत्राट हातचे गेले की कंपनी त्यांना आधी दुसरीकडे हलवते. इकडे मंत्रालयातला संचालक प्रतिनियुक्तीवर पाचेक वर्षांसाठी आलेला. निविदा लिहिणारा अधिकारी हस्तांतराच्या वेळी बहुधा आपल्या राज्यात परतलेला असतो!

तेव्हा दोन्ही कंत्राटदारांनी काही महिने एकत्र काम करावे, त्याचा खर्च निविदेतच धरावा, आणि जुन्याचे अखेरचे देयक नव्याच्या पोचसहीशिवाय चुकते करू नये.