पन्नाशीतले 'फ्रेशर'



गावाकडून फोन येतो, "काकांनी वीस वर्षं ट्रक चालवलाय, दुबईत काहीतरी बघा ना!" आम्ही आयटीवाले बायोडेटा पुढे पाठवण्यात पटाईत. पण इथले गणित वेगळे आहे.

भारतीय लायसन्स यूएईत बदलून मिळत नाही. अवजड वाहनासाठी डोळ्यांची तपासणी, क्लास, परीक्षा, सगळे पहिल्यापासून, तेही रस्त्याच्या उजव्या बाजूने. काही हजार दिरहम त्यात जातात. लायसन्स हातात आले की कंपनी विचारते, "इथला अनुभव किती?" उत्तर शून्य. वीस वर्षे गाडी हाकलेला माणूस पन्नाशीत फ्रेशर ठरतो!

मग वाट कुठली? 2023 पासून एतिहाद रेल्वेच्या मालगाड्या देशभर धावतात, पण मालगाडी गोदामाच्या दारात येत नाही. त्यामुळे ओमान-सौदीच्या लांब फेऱ्यांमागे न लागता जेबेल अली किंवा मुसफ्फासारख्या भागात बंदर ते गोदाम अशा जवळच्या फेऱ्यांचे काम आधी शोधावे. दंड आणि अपघाताविना काढलेले पहिले वर्ष हेच पुढचे सर्टिफिकेट.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा असतो, कामगाराचा नाही. लायसन्सचे पैसे कोण भरणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे. व्हिजिट व्हिसावर स्टिअरिंग हाती घेऊ नये.

फोनवर "बघतो" म्हणण्याआधी काकांना एवढे तरी सांगूया. नाहीतर गावाकडची जमीन गहाण पडायची.