त्याचा नंबर कधी?

आमच्या मागच्या गल्लीत एक कॅथलिक कुटुंब राहते. बेळगावात त्यांच्या तीन पिढ्या झाल्या. घरात कोंकणी, दारात मराठी आणि बाजारात कन्नड. नाताळात त्यांच्याकडून नेवऱ्या येतात, दिवाळीत आमच्याकडून फराळ जातो. त्या घरातला धाकटा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बरोबरीच्या मुलांनी पांढरे कपडे घालून प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतला, तेव्हा हा घरीच राहिला. ‘त्याला प्रार्थना पाठ येत नाहीत, मोठा झाला की बघू,’ असे कोणीतरी त्याच्या आईला सांगितले होते. पुढे त्यांनी रविवारी त्याला चर्चला नेणेच कमी केले. तो मध्येच मोठ्याने हसतो, गाणे संपले तरी टाळ्या वाजवत राहतो. मग पुढच्या बाकांवरच्या माना वळतात. ‘वहिनी, माना वळल्या की माझे मिस्सेत लक्षच लागत नाही हो,’ त्या मला म्हणाल्या.

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे म्हणा! मंगलकार्यात असे मूल आतल्या खोलीत बसवून पान तिथेच नेऊन देणारी घरे मी पाहिली आहेत. एक घर तर आमच्याच नात्यातले.

अपंगांसाठी ख्रिस्ती मंडळींनी काही केले नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. देशातली पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला काढली ती अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी. १९०० साली अ‍ॅना मिलार्डबाईंनी मुंबईत शाळा सुरू केली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन उभारले आणि त्याला नाव दिले बार्तीमयाचे. हा बार्तीमय म्हणजे मार्कच्या शुभवर्तमानातला यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. येशू जवळून जातोय हे कळताच तो ओरडू लागतो. लोक त्याला गप्प राहायला सांगतात, तर तो आणखी ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि काय हवे ते त्यालाच विचारतो.

मला वाटते, अडते ते इथेच. सदन बांधून देणारे, देणगी देणारे पुष्कळ मिळतात. पण ओरडणाऱ्या मुलाला आपल्या बाकावर शेजारी बसवून घेणे जड जाते.

नियमांचे म्हणाल, तर ते माणसांपेक्षा उदार आहेत. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ७७७ व्या कलमाने शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही झेपेल तितके धर्मशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी त्या भागाच्या धर्मगुरूवरच टाकली आहे. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी १९९५ साली याहून स्पष्ट सांगितले. साधे खाणे आणि ख्रिस्तप्रसाद यांतला फरक त्या व्यक्तीला उमगला की पुरे. तो शब्दांत सांगता आला नाही, नुसत्या हावभावातून किंवा आदराच्या शांततेतून दिसला, तरी चालतो. पाठांतराची अट त्यात कुठेच नाही. आणि वेदीचे म्हणाल तर २ मे २०२४ रोजी केरळातील त्रिशूर येथे जोसेफ थेरमाडम यांना गुरुदीक्षा मिळाली. ते कर्णबधिर आहेत. खुणांच्या भाषेत मिस्सा अर्पण करतात.

हे सगळे एका कागदावर लिहून मी शेजारणीला दिले. आठवडाभर त्यांनी तो देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीखाली ठेवला होता. मग एका संध्याकाळी घेऊन गेल्या फादरांकडे. फादर नवीनच आलेले. त्यांनी कागद वाचला आणि मुलाला कधी आणता, एवढेच विचारले.

आता दर शनिवारी धर्मशिक्षणाच्या एक बाई घरी येतात. एका ताटलीत बिस्कीट ठेवतात, दुसऱ्या ताटलीत सरावासाठीची, अजून अर्पण न केलेली भाकर. बिस्किटाला तो लगेच हात घालतो. दुसऱ्या ताटलीसमोर हात जोडायला त्याला चार शनिवार लागले. जोडले तेव्हा आई स्वयंपाकघरात होती, बाईंनी हाक मारून बोलावले.

मे महिन्यातला रविवार ठरला आहे. पांढरा शर्ट शिवायला टाकलाय. शिंप्याला बटणांऐवजी वेल्क्रो लावायला सांगितले आहे, कारण त्या दिवशी शर्ट आपला आपणच घालणार म्हणून तो हटून बसला आहे.