निर्विष अन्न कोणासाठी?

चेन्नईतील टी. नगर ही वसाहत पक्ष-सभासदांना ठाऊक असते ती तेथील पक्ष-कार्यालयांमुळे. इतरांना ती ठाऊक असते रेशमी साड्यांमुळे आणि सोन्याच्या पेढ्यांमुळे. त्यागराय नगर हे तिचे पूर्ण नाव. जस्टिस पक्षाचे पुढारी पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या स्मरणार्थ १९२० च्या दशकात ती वसविण्यात आली, आणि त्यासाठी माम्बलमचा मैलोगणती पसरलेला तलाव आटवून बुजविण्यात आला. जेथे शेतीचे पाणी साठत असे, तेथे आज पाँडी बझार, उस्मान रस्ता आणि रंगनाथन स्ट्रीट उभे आहेत. २०१५ आणि २०२१ च्या अतिवृष्टीत पाणी आपली जुनी जागा शोधीत परत आले, एवढीच काय ती त्या तलावाची आठवण शिल्लक आहे.

अशा या वसाहतीत गेल्या काही वर्षांत आणखी एका मालाला मागणी आली आहे : 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावलेले अन्न. काळसर कारुप्पु कवुनी तांदूळ, लालसर माप्पिळै सांबा, लाकडी घाण्याचे तिळाचे तेल, नाचणी, वरई. माल चांगला आहे, त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याच्या गिऱ्हाइकाविषयी. या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर कापडाच्या बहुमजली दुकानांत तमिळनाडूच्या दक्षिण जिल्ह्यांतून आलेली तरुण मुले-मुली दिवसभर उभ्याने काम करतात. त्यांच्या जीवनावर २०१० साली 'अंगाडि तेरु' हा तमिळ चित्रपट निघाला. दुकानातील कामगाराला बसण्यासाठी आसन दिलेच पाहिजे, असा कायदा राज्याच्या विधानसभेने केला तो २०२१ मध्ये. ज्याला बसण्याचा हक्क मिळण्यासाठी एवढी वर्षे वाट पाहावी लागली, त्याच्या ताटातील भाजीवर काय फवारले आहे हे विचारणारे कोण असणार?

यावरून काही मंडळी असा निष्कर्ष काढतात की निर्विष अन्नाचा सारा खटाटोप सुखवस्तू मध्यमवर्गाचे फॅड आहे आणि श्रमजीवींच्या चळवळीने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. विष प्रथम खाणाऱ्याच्या पोटात जात नाही. ते प्रथम फवारणाऱ्याच्या श्वासात जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल, अशा स्थितीत ते मेले. हा कामगार-सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे तर काय? शिवाय जमिनीचा कस लुटला जाण्याचा विषय मार्क्सला परका नव्हता. लीबिगचे कृषिरसायनशास्त्र त्याने बारकाईने वाचले होते, आणि भांडवली शेती मजुराबरोबरच मातीचेही शोषण करते हे 'कॅपिटल'च्या पहिल्याच खंडात मांडले होते.

मात्र याच्या उलट टोकाची चूकही तेवढीच घातक आहे, आणि टी. नगरच्या दुकानांतील रंगीत वेष्टनांवर ती सर्रास छापलेली आढळते. 'पूर्वजांचे शुद्ध अन्न', 'परंपरेचा तांदूळ'! कोणाची परंपरा? कावेरीच्या खोऱ्यात, तंजावर भागात, हाच तांदूळ पिकविणारे 'पण्णैयाळ' हे जमीनदाराचे बांधील गडी होते, बहुतांशी दलित. त्यांना चाबकाने फोडून काढीत आणि शेण कालवलेले पाणी बळजबरीने पाजीत. ही शिक्षा बंद पडली ती १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या किसान चळवळीमुळे. शेणखताचा महिमा गाताना ते शेण एकेकाळी कोणाला पाजले गेले याचीही आठवण ठेवणे बरे. पुढे सुधारित बियाणे आणि रासायनिक खते आली, पीक वाढले. तरीही मजुराच्या वाट्याचे भात वाढावे यासाठी झगडा करावाच लागला, आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे चव्वेचाळीस दलित माणसे, त्यांतही बहुतेक स्त्रिया व मुले, एका झोपडीत जिवंत जाळली गेली. तात्पर्य असे की खत शेणाचे की कारखान्याचे, एवढ्यावरून शेतातील न्याय ठरत नाही.

म्हणून जी. नम्माळ्वार (१९३८–२०१३) यांच्यासारख्यांनी सरकारी संशोधन केंद्रातील नोकरी सोडून गावोगाव केलेल्या कामाचे, किंवा 'नेल' जयरामन यांनी दीडशेहून अधिक देशी भातवाणे जपली त्याचे, मोल मान्य करतानाच शेतमजुराच्या मजुरीचा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. तणनाशक नको म्हटले की खुरपणी आली. खुरपणी म्हणजे वाकलेल्या स्त्रियांचे दिवसच्या दिवस. त्या दिवसांची किंमत चिठ्ठीवरील भावात धरली आहे काय? आणि फतव्याने हे काम होत नाही, हे श्रीलंकेने दाखवून दिले. २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात रातोरात बंद केली; पूर्वतयारी नव्हती, पुरेसे सेंद्रिय खत नव्हते; भाताचे उत्पादन कोसळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी मागे घ्यावी लागली. ज्यांचे घर हातावरच्या पोटावर चालते त्यांनी त्याचा भुर्दंड भरला.

वास्तविक निर्विष, ताजे आणि जवळचे अन्न गरिबाच्या स्वयंपाकात मुळात होतेच. तमिळ घरातील 'कीरै', म्हणजे पालेभाजी, हे त्याचे ठळक उदाहरण. माठाची मुळै कीरै, शेवग्याच्या पाल्याची मुरुंगै, हादग्याची अगत्ति, कडवट पानांची मणत्तक्काळि, म्हणजे आपली कामोणी. मूग किंवा तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, रवीसारख्या लाकडी 'मत्तू'ने घोटून, वर मोहरी-मिरचीची फोडणी दिली की 'मसियल' तयार. मराठी घरातील पातळ भाजीची ही सख्खी बहीणच. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी ताक-कांद्याबरोबर खाल्ला जाणारा 'पळैय सोरु' शेतमजुराची न्याहारी होता. आता मोठ्या उपाहारगृहांत तो मातीच्या भांड्यात घालून चढ्या भावाने विकला जातो. कीरैचा गुण असा की ती दूरचा प्रवास सोसत नाही. कांदा नाशिकहून कोयम्बेडूच्या बाजारात येऊ शकतो, माठाची जुडी नाही. ती शहराच्या कडेलाच पिकवावी लागते, आणि शहराच्या कडेची जमीनच आज भूखंड पाडून विकली जात आहे. टोपली घेऊन गल्लीत येणारी भाजीवाली दिसेनाशी होते ती गिऱ्हाइकाची चव बदलल्याने नव्हे, तिच्या मागचे शेत नाहीसे झाल्याने.

यावर गच्चीवरील बागेचा उपाय सुचविला जातो. राज्याच्या फलोत्पादन खात्याने २०१३ च्या सुमारास चेन्नई व कोइम्बतूर येथे त्यासाठी अनुदानित साहित्यसंच वाटले. उपक्रम स्तुत्य होता. पण गच्ची घरमालकाची असते, भाडेकरूची नव्हे. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे जलाशय आटून जोलारपेट्टैहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा टँकरपुढे घागरी घेऊन ताटकळणाऱ्यांना वांग्याची रोपे जगविण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टाच ठरली असती.

गच्ची सामुदायिक असेल तर मात्र चित्र पालटते. मुंबई बंदराच्या कामगार-उपाहारगृहात प्रीती पाटील या अधिकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघराच्या गच्चीवर, तेथल्याच ओल्या कचऱ्याच्या खतावर, फळभाज्यांची बाग उभी केली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तेल व खत यांची आयात आटलेल्या क्यूबाने हवानाच्या मोकळ्या जागांत भाजीपाला पिकविला, तोही हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. दोन्ही ठिकाणी पिकविणारा आणि खाणारा यांच्यामध्ये वेष्टन नव्हते.

तमिळनाडूकडे तर यासाठी तयार यंत्रणाच आहे. शाळांतील मध्यान्ह भोजन, २०१३ पासून स्वस्तात इडली-सांबार देणारी 'अम्मा उणवगम', २०२२ मध्ये सुरू झालेली शाळकरी मुलांची न्याहारी : या सार्वजनिक चुली रोज पेटतात. राज्याने मार्च २०२३ मध्ये सेंद्रिय शेतीचे धोरण जाहीर केले, त्याच वर्षी नीलगिरी व धर्मपुरीत शिधावाटप दुकानांतून नाचणी देण्यास आरंभ झाला. याच चुलींसाठी लहान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडून ठरलेल्या भावाने कीरै आणि भात वर्षभर का घेतले जाऊ नयेत? खर्च वाढेल, ही हरकत खरी आहे. पण त्या खर्चातून खुरपणारणीची मजुरी निघेल, आणि शेतकऱ्याला टी. नगरच्या श्रीमंत गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागणार नाही. रंगनाथन स्ट्रीटवरील दुकानांच्या खानावळींनाही मग तोच भाजीपाला परवडणाऱ्या दरात मिळू शकेल. निदान दुकान-कामगारांच्या संघटनांनी मालकांपुढील मागण्यांत जेवणाच्या दर्जाचे कलम घालावे, त्यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही.